सैल वायपरचा इतिहास कोण लिहिणार?

१/
मोटारीच्या पुढच्या काचेवरचा वायपर कोणी शोधला, या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटात मिळते. तोच वायपर सैल झाल्यावर पुन्हा घट्ट कसा बसवायचा, हे ज्ञान मुंबई-पनवेल पट्ट्यात कोणाकडून कोणाकडे गेले, हे शोधायचे तर ग्रंथालयातून उठून रस्त्यावर यावे लागते. आजचा धागा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. त्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे: तंत्रज्ञानाचा जो इतिहास शोधकर्त्यापाशी सुरू होतो आणि पेटंटपाशी संपतो, तो अर्धा इतिहास आहे. आणि उरलेला अर्धा सध्या आपल्या डोळ्यांदेखत पुसला जात आहे.

२/
स्थळ निवडले आहे खांदेश्वर. हार्बर मार्गावर पनवेलच्या अगोदरचे स्थानक. महादेवाचे मंदिर आणि त्याशेजारचा तलाव यांवरून आलेले नाव. एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी आणि नवीन पनवेल. सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे या वसाहतींचे वय एका माणसाच्या आयुष्याहून कमीच. इतिहासप्रेमी मंडळी असल्या ठिकाणाकडे सहसा वळत नाहीत. येथे गड नाही, शिलालेख नाही. परंतु शीव-पनवेल महामार्ग येथूनच जातो आणि पुढे कळंबोलीपाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. घाटाकडे निघालेल्या गाडीला काही दुरुस्त करून घ्यायचे असेल, तर सोयीची जागा हीच.

३/
कोकणात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत वायपर जवळजवळ निरुद्योगी असतो. उन्हाने त्याचे रबर कडक होते, सांध्यांत धूळ बसते, नट किंचित ढिला होतो. आणि यातले काहीच कोणाच्या लक्षात येत नाही. मग पहिली सर येते. चालक बटण दाबतो. मोटरचा आवाज येतो, पण पाते काचेवर अर्ध्यावर जाऊन थबकते, थरथरते, किंवा आपल्या जागी परत येतच नाही. त्या आठवड्यात परिसरातील कोणत्याही गॅरेजसमोर उभे राहिले तर दहा मिनिटांत हे दृश्य दिसते.

४/
हा दोष किरकोळ वाटतो. जरा हिशोब करून पाहावा. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. मुसळधार पावसात काच एक सेकंद पुसली गेली नाही, तर चालकाने २८ मीटर रस्ता अंदाजाने कापला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०१ वा नियम पुढची काच असलेल्या वाहनांना कार्यक्षम आणि यंत्रशक्तीवर चालणारा वायपर बंधनकारक करतो. त्यातील ‘कार्यक्षम’ हा शब्द महत्त्वाचा. वायपर असणे आणि वायपर चालणे या दोन गोष्टींतील अंतर कोणीतरी पाना हातात घेऊन भरून काढत असतो.

५/
आता त्या यंत्राची रचना पाहू. एक विजेची मोटर एकाच दिशेने गोल फिरते. तिच्या फिरण्याचे रूपांतर पुढे-मागे हलण्यात करणाऱ्या दांड्यांच्या जोडणीला लिंकेज म्हणतात. लिंकेजच्या टोकाला पोलादी खुंटी असते आणि तिच्यावर बारीक उभे दाते कोरलेले असतात. त्या दात्यांवर वायपरचा आर्म बसतो आणि वरून नट तो दाबून धरतो. सारा भार त्या एका नटावर. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर पाते मिनिटाला ९० वेळा दिशा बदलते. तासाभराच्या पावसात ५,४०० वेळा. प्रत्येक वळणावर नटाला एक हलकासा हिसका बसतो. नट सैल होतो यात नवल नाही. तो इतकी वर्षे घट्ट राहतो, हेच नवल.

६/
त्यातही एक खोच आहे. खुंटी पोलादाची, पण आर्मचे डोके पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. कठीण धातू मऊ धातूला खातो. नट ढिला असताना वायपर चालवत राहिले, तर आर्मच्या आतले दाते झिजून गुळगुळीत होतात. मग नट कितीही आवळला तरी खुंटी आतल्या आत फिरते आणि आर्म जागचा हलत नाही. दोन मिनिटांचे काम ज्याने जूनमध्ये टाळले, त्याला जुलैमध्ये नवा आर्म घ्यावा लागतो.

७/
दुरुस्तीचा क्रम सविस्तर लिहून ठेवण्याजोगा आहे, कारण तो ऐतिहासिक दस्तऐवजच आहे. प्रथम वायपर चालू करून त्याच्या बटणानेच बंद करायचा, म्हणजे मोटर आपल्या विश्रामाच्या जागी येऊन थांबते. चालता वायपर गाडीच्या चावीने बंद केला तर पुष्कळ गाड्यांत तो मधेच अडकतो, आणि त्या स्थितीत बसवलेला आर्म पुढे काचेच्या चौकटीवर आपटतो. नवशिका येथेच चुकतो. आर्म जिथे टेकायला हवा, तिथे काचेवर चिकटपट्टीची खूण करायची. काचेवर जाडसर फडके अंथरायचे, कारण उचललेला आर्म स्प्रिंगच्या जोराने खाली आला तर काच तडकते. मग आर्मच्या मुळाशी असलेले प्लास्टिकचे टोपण उचलायचे. खाली नट दिसतो.

८/
नट केवळ सैल असेल तर आर्म खुणेवर आणून तो आवळायचा, काम संपले. तसे नसेल तर नट काढून आर्म हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवत वर ओढायचा. पेचकसाने उचकटायचा नाही. दात्यांत पांढरी भुकटी साचलेली असते. हा ॲल्युमिनियमचा गंज. तारेच्या ब्रशने खुंटी आणि आर्म दोन्ही साफ करायचे, आर्म खुणेवर बसवायचा, नट आवळायचा. किती आवळायचा? कंपनीच्या पुस्तिकेत त्याचा आकडा असतो. गॅरेजमध्ये तो मनगटात असतो. जास्त जोर लावला की आटे जातात, कमी लावला की आठवड्यात गिऱ्हाईक परत. शेवटी काच ओली करून मगच वायपर चालवून पाहायचा. कोरड्या काचेवर चालवला तर रबर घासते आणि नीट बसवलेला आर्मही उगाच ताण खातो.

९/
दाते थोडे झिजले असतील तर जुने मिस्त्री पत्र्याची एक अरुंद पट्टी कापून खुंटी आणि आर्म यांच्यामध्ये दडपतात. सांधा पुन्हा पकड घेतो. हा उपाय तात्पुरता आहे, हे करणाऱ्यालाही ठाऊक असते. नट घट्ट असूनही पाते डुलत असेल तर दोष खाली, लिंकेजच्या बुशांत असतो. आणि पाते काचेला नुसतेच चाटून जात असेल तर दोष आर्मच्या स्प्रिंगचा. आवाजावरून आणि बोटाने हलवून पाहून हे तीन दोष वेगळे ओळखता येणे, ही त्या कारागिराची खरी विद्या. तिला पदवी नाही.

१०/
‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. गाडीची ‘चावी’ही पोर्तुगीजांकडूनच आलेली. वायपर नसलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीच्या काचेवर चालक तंबाखू चोळतात किंवा कापलेला बटाटा फिरवतात. त्याने काचेवर पातळ थर बसतो आणि पाण्याचे थेंब न साचता पसरून वाहून जातात. तंबाखू आणि बटाटा ही दोन्ही अमेरिका खंडाची पिके, आणि दोन्हींची मराठी नावे पोर्तुगीजांच्या वाटेने आलेली. म्हणजे पनवेलच्या पावसात ट्रकची काच पुसणाऱ्या हातामागे सोळाव्या शतकातला सागरी व्यापार उभा आहे. विषयांतर झाले खरे, पण ते टाळवत नाही.

११/
आता लोकप्रिय अर्ध्या इतिहासाकडे. अलाबामातील मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामचा चालक बर्फाळ पावसात समोरची काच उघडी टाकून गारठत गाडी हाकताना त्यांनी पाहिला. आतून तरफेने हलवता येणारा रबरी पात्याचा दांडा त्यांनी कल्पिला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले, क्रमांक ७,४३,८०१. एका कॅनेडियन कंपनीने १९०५ मध्ये त्यांचे पत्र परत पाठवले; या वस्तूला व्यापारी मूल्य नाही, असे त्या कंपनीचे मत पडले. सतरा वर्षांनी पेटंटची मुदत संपली आणि नेमक्या त्याच सुमारास मोटारी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या. अँडरसन यांना त्यातून काही मिळाले नाही. त्यांचे निधन १९५३ चे. अमेरिकेच्या राष्ट्रीय शोधकर्ता दालनात त्यांचे नाव लागले २०११ मध्ये.

१२/
ही गोष्ट समाजमाध्यमांवर पुनःपुन्हा फिरते आणि फिरायलाही हवी. एका स्त्रीचे श्रेय बुडाले होते, ते परत मिळाले. मात्र तिच्या शेवटी येणारे ‘म्हणून आज आपल्या गाडीला वायपर आहे’ हे वाक्य इतिहास म्हणून टिकत नाही. प्रशियाचे राजपुत्र हाइनरिख, न्यूकॅसलचे छायाचित्रकार ग्लॅडस्टन ॲडम्स, शार्लट ब्रिजवूड यांचीही पेटंटे त्याच काळातली. ब्रिजवूड यांचे १९१७ चे यंत्र तर विजेवर चालणारे होते. बॉश कंपनीने विजेच्या मोटरचा वायपर १९२६ मध्ये बाजारात आणला. गरज एकच असताना अनेक ठिकाणी एकाच वेळी अनेकांना तेच सुचते. ‘पहिला कोण’ हा प्रश्न त्यामुळे बहुधा फसवा असतो.

१३/
अँडरसन यांच्या आराखड्यातली एक बाब मात्र या धाग्याच्या कामाची आहे. हवा चांगली असेल तेव्हा हे साधन सहज काढून ठेवता यावे, अशी त्यांची योजना होती. सुटे होणे हा त्यांच्या दृष्टीने गुण होता. पुढे वायपर गाडीचा कायमचा अवयव झाला, त्याला मोटर लागली, आणि त्याच दिवशी ‘सैल होणे’ हा दोष जन्माला आला. प्रत्येक शोध आपल्यासोबत एक नवी दुरुस्ती जन्माला घालतो. शोधाची तारीख नोंदली जाते, दुरुस्तीची जात नाही.

१४/
मधल्या काळातला एक टप्पा आपल्याकडे समजून घ्यायला विशेष सोपा आहे, कारण आपल्याकडे घाट आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ गाड्यांचे वायपर इंजिनच्या शोषणशक्तीवर, म्हणजे निर्वातावर चालत. उतारावर ते सपासप फिरत. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनमधला निर्वात कमी होई आणि वायपर मंदावे, प्रसंगी थांबे. आता अशी गाडी भर पावसाळ्यात खोपोलीहून बोरघाट चढते आहे, अशी कल्पना करावी. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात चाकाच्या गाड्यांसाठी खुला झालेला तो रस्ता, दाट धुके, आणि नेमक्या चढावरच दम टाकणारा वायपर. सुटका एकच: क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, काच पुसू द्यायची, पुन्हा दाबायचा. कारखान्यात पूर्ण न झालेले यंत्र चालकाच्या पायाने पूर्ण होत असे.

१५/
मुंबईत मोटारीची जुळणी तशी लवकर सुरू झाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत कारखाना काढला. सुटे भाग परदेशातून यायचे आणि येथे जोडले जायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. त्यानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या. पुढची तीन दशके मुंबईचा रस्ता प्रामुख्याने कुर्ल्याच्या फियाटचा झाला. तिलाच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच.

१६/
या आर्थिक इतिहासावर पुस्तके आहेत, प्रबंध आहेत. परवाने, आयातबंदी, वाहनासाठीची प्रतीक्षायादी, सगळे आहे. पण त्या धोरणाचा एक परिणाम कारखान्याच्या फाटकाबाहेर घडला. आयात दुष्कर आणि नवी गाडी दुर्मिळ. त्यामुळे जुनी गाडी वर्षानुवर्षे चालवणे भाग पडले. एकाच प्रकारची गाडी हजारोंच्या संख्येने आणि जवळजवळ न बदलता रस्त्यावर राहिली, त्यामुळे एका मिस्त्रीचे ज्ञान दुसऱ्याच्या कामी येऊ लागले. चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचा कोणताही अवयव मिळे. पद्मिनीचा वायपर दुरुस्त करता न येणारा मिस्त्री मुंबईत शोधूनही सापडला नसता. नियोजित अर्थव्यवस्थेने नियोजन न करता उभे केलेले हे सर्वांत मोठे तांत्रिक विद्यालय होय. त्याची इमारत नव्हती, म्हणून त्याचा इतिहास नाही.

१७/
कोणी म्हणेल, शासनाने आयटीआय काढल्याच होत्या की. होत्या. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम तिथे शिकवला जाई आणि आजही जातो. तरी रस्त्यावरच्या गॅरेजमधली फार मोठी शिक्षणपरंपरा त्या वर्गाबाहेरची आहे. मुलगा ‘पोऱ्या’ म्हणून येई, दोन वर्षे पाने पुसून हातात देई, आणि मग कधीतरी उस्तादाच्या गैरहजेरीत पहिला नट स्वतः सोडवी. या परंपरेचे गोडवे गाताना भान सुटता कामा नये. त्या पोऱ्याचे वय पुष्कळदा शाळेचे असे. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत पुढे मोटार गॅरेजांचा समावेश झाला, तो उगाच नव्हे. ज्ञान खरे होते आणि त्याची किंमतही खरी होती. दुरुस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही लिहावे लागेल.

१८/
आपल्याकडे उद्योगाचा आरंभच पुष्कळदा दुरुस्तीतून झाला आहे, हेही आपण विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव घेतले की लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी आठवते. त्याआधी बेळगावात सायकलींचे दुकान होते. उद्योगाचे स्थापनावर्ष म्हणून १८८८ सांगितले जाते ते त्या दुकानाचे. सायकली विकणे आणि त्या नीट करून देणे हा तिथला व्यवहार. दुसऱ्याने बनवलेले यंत्र उघडून पाहणारा हातच पुढे स्वतःचे यंत्र बनवतो. शालेय पुस्तकात मात्र नांगर येतो, पाना येत नाही.

१९/
इतिहासकारांनी हा मुद्दा मांडलेलाच नाही, असे नव्हे. डेव्हिड एजर्टन यांच्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या ग्रंथाचा सगळा रोख असा आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांऐवजी वापराच्या अंगाने लिहावा. देखभालीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. भारतापुरते डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भाताची गिरणी घेऊन ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ लिहिले. ही दोन्ही पुस्तके इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावीतच. पण दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि मिस्त्री इंग्रजीत बोलत नाही. आटे, बुश, ढिलाई, ‘प्ले’, ‘लूज पडणे’, ‘नट पकडत नाही’ ही त्याची परिभाषा मराठी, हिंदी आणि मोडक्या इंग्रजीच्या मिश्रणातली. तिच्या नोंदी करण्याचे काम ऑक्सफर्ड किंवा शिकागोहून होणार नाही.

२०/
आता एक खटला. डेट्रॉइटचे रॉबर्ट कर्न्स यांनी रिमझिम पावसासाठी थांबून-थांबून फिरणारा वायपर तयार केला. कल्पना सुचली ती पापणीच्या उघडझापीवरून. पेटंटचा अर्ज १९६४ चा, मान्यता १९६७ ची. मोठ्या मोटार कंपन्यांनी तसेच वायपर बसवले आणि कर्न्स न्यायालयात गेले. कंपन्यांच्या बचावाचा गाभा असा होता की यातले विजेचे सुटे भाग आधीपासून सर्वांना ठाऊक होते, मग यात नवे ते काय? कर्न्स यांचे म्हणणे: नवी आहे ती जुळणी. १९९० मध्ये फोर्डने १.०२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरविरुद्धचा निकाल १९९२ मध्ये कर्न्स यांच्या बाजूने लागला. २००८ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

२१/
ज्ञात वस्तूंची अज्ञात जुळणी हाही शोधच, हे या प्रकरणात मान्य झाले. तो निकष प्रामाणिकपणे लावला तर झिजलेल्या दात्यांत पत्र्याची पट्टी दडपणाऱ्या अनामिक मिस्त्रीचे काय करायचे? त्याच्याकडे अर्ज नाही, तारीख नाही, वकील नाही. कायद्याने त्याला श्रेय द्यावे असे कोणीही म्हणणार नाही. इतिहास हा मात्र कायद्याचा कारकून नव्हे. पेटंट कार्यालयाचे दप्तर सुबक लावलेले आहे, म्हणून इतिहासकारानेही तेवढेच वाचायचे, हा आळस आहे. त्याला शिस्त म्हणू नये.

२२/
आक्षेप येईल: हा ‘जुगाडा’चा उदोउदो झाला. पत्र्याची पट्टी घाटात निसटली तर जबाबदार कोण? आक्षेप रास्त आहे. नव्या गाड्यांतील सांधे पुष्कळ बाबतींत अधिक टिकाऊ आहेत आणि झिजलेला आर्म बदलणे हाच योग्य उपाय, हे चांगला मिस्त्रीही सांगतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. लिंकेजचे एक छोटे प्लास्टिकचे बुश झिजले असताना अनेक अधिकृत कार्यशाळांत ते सुटे मिळत नाही. पूर्ण लिंकेज घ्यावे लागते, कधी मोटरसह. दुरुस्ती जिथे एका बुशाची होती, तिथे बदल अख्ख्या संचाचा होतो. सुटा भाग बाजारातून गेला की तो ओळखणारी नजरही एका पिढीत जाते.

२३/
हा प्रश्न आता शासनाच्याही टेबलावर आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. कल्पना स्तुत्य. परंतु अधिकार ग्राहकाला दिला तरी तो वापरायला दुरुस्ती येणारा माणूस जिवंत आणि धंद्यात असावा लागतो. त्या माणसाविषयी आपल्याकडे कागद काय आहे? जवळजवळ काही नाही.

२४/
ऑक्टोबर २०२३ चे उदाहरण ताजे आहे. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. वृत्तपत्रांनी हळवे लेख लिहिले. चित्रपटांतल्या टॅक्सी आठवल्या, छतावरचे सामान आठवले, आतली रंगीबेरंगी अस्तरे आठवली. एक नमुना संग्रहालयात ठेवावा अशी मागणी झाली. गाडी ठेवता येईलही. पण ती गाडी चाळीस पावसाळे चालती ठेवणाऱ्यांचे हात जबानीतच ठेवता येतात, आणि ते जबानी देणारे आज साठी-सत्तरीत आहेत.

२५/
म्हणून हा धागा वाचणाऱ्या तरुण मंडळींकडे एक काम. शनिवार-रविवार गडावर जाताना गाडी कळंबोलीहून किंवा खांदेश्वरवरूनच जाते. एकदा वाटेत थांबावे. वायपर सैल असेल तर उत्तमच, नसेल तरी चालेल. मिस्त्रीला वेळ असेल तेव्हा, म्हणजे पहिल्या पावसाच्या आठवड्यात मुळीच नव्हे, त्याची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. पहिला पाना कोणी हातात दिला? कोणत्या गाडीवर शिकलात? कोणता सुटा भाग कोणत्या वर्षापासून मिळेनासा झाला? हे काम पनवेलला कसे आले: कुर्ल्याहून, भायखळ्याहून, की गावाहून? सैल वायपर बोटाने हलवून दोष कुठे आहे हे कसे ओळखता, ते दाखवाल का? शब्द त्याचेच ठेवावेत, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत. तारीख, ठिकाण आणि गाडीचे मॉडेल टिपून ठेवावे.

२६/
एक व्यवहारातली सूचना. ‘तुमच्या कामाचा इतिहास सांगा’ असे विचारले तर बहुतेक मिस्त्री हसून ‘त्यात काय सांगायचे’ म्हणतील. वायपरचा आर्म हातात ठेवून ‘हा का फिरतो आहे’ असे विचारावे. उत्तर पंधरा मिनिटांच्या आत १९८० च्या दशकात पोहोचते.